शोध कुणाचा लागला?

एलिझाबेथ कॉटनची १९५८ची लाँगप्ले रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकतोय. फोकवेज कंपनीनं काढलेली. नाव 'फोकसाँग्ज अँड इन्स्ट्रुमेंटल्स विथ गिटार'. तिच्याबद्दल जिथंतिथं एकच गोष्ट सांगतात. वॉशिंग्टनला सीगर या गोऱ्या संगीतकारांच्या घरी ती मोलकरीण होती, भिंतीवरची गिटार काढून तिनं वाजवली आणि तिचा 'शोध लागला'. मला या शब्दाचीच चीड आहे. शोध लागायला ती हरवली होती काय?

नॉर्थ कॅरोलायनातली ही काळी पोरगी. लोकांच्या घरी राबून पैसे साठवले नि गिटार घेतली. स्वतः डावखुरी, गिटार उजव्या हातवाल्यांची. तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. म्हणून खर्ज बोटांवर आला आणि सूर अंगठ्यावर. सगळ्या जगाच्या उलट! या पद्धतीला आज तिच्याच नावानं ओळखतात. पुढं चर्चवाल्यांनी असली गाणी नकोत म्हटलं. संसार, कष्ट यांत वाद्य कित्येक वर्षं सुटलं. रेकॉर्ड झाली ती साठीनंतर, माईक सीगरनं तिच्याच घरी केलेली.

आवाज म्हातारा, थोडा कापरा. पण रडका नाही. हात मात्र पक्का. खर्ज चाकांसारखा एकसारखा चालतो, वर सूर मोकळा हिंडतो. 'फ्रेट ट्रेन' हे तिनं पोरवयात रचलेलं मालगाडीचं गाणं. पळून जाणाऱ्याचा माग लागू नये म्हणणारं, मरणाचं बोलणारं. ती ते इतकं शांतपणे गाते की अंगावर काटा येतो.

हेच गाणं १९५७ला इंग्लंडात गाजलं तेव्हा हक्क भलत्यांच्या नावावर होते. भांडण झालं तेव्हा हिचं नाव लागलं. आणि या रेकॉर्डच्या नावातही पुन्हा 'फोकसाँग्ज'च! 'लोकगीत' या शब्दातली गोम इथं आहे. लोकांचं म्हटलं की कुणाचंच नाही. आणि कुणाचंच नाही म्हटलं की ज्याच्या हाती कागद, त्याचं.

आपले वामनदादा कर्डक गाण्याच्या शेवटी 'वामन' घालायचे. ती नुसती रीत नव्हती, मी तर त्याला सातबाराच म्हणतो.

मित्रांनो, १९७२ला आपण काळ्यांकडून पँथर हे नाव घेतलं, त्यांचा राग घेतला. आता ही म्हातारीही घ्या. १९८५ला तिला ग्रॅमी मिळालं, १९८७ला ती गेली. वस्तीतल्या आयाबायांची गाणी टेप करायला जाल तेव्हा मशीन नंतर सुरू करा. आधी वहीत बाईचं पूर्ण नाव लिहा.