धांवणाऱ्याचें प्रवासवर्णन

गेलीं तीन-चार वर्षें आमच्याकडे अभिप्रायासाठीं जे लेख येतात, त्यांत एक नवी जात दिसूं लागली आहे. लेखक नोकरीच्या किंवा सुटीच्या निमित्तानें परगांवीं जातो, तेथील अर्ध-मॅरॅथॉन शर्यतींत नांव घालतो, २१.०९७५ किलोमीटर धांवतो, स्वतःच्या मागील वेळेहून दोन-तीन मिनिटें कमी घेतो, आणि घरीं येऊन तो वृत्तांत लिहितो. त्यांत आदल्या रात्रींची अपुरी झोंप असते, नव्या बुटांचा जाच असतो, पंधराव्या किलोमीटरपाशीं पोटऱ्यांत येणारे गोळे असतात, मनगटावरील घड्याळ तर पानोपानीं असतें, आणि शेवटीं गळ्यांत पदक पडतें. मथळ्यांत कधीं लडाख असतें, कधीं गोवें, कधीं बर्लिन. परंतु मथळा झांकून लेख वाचल्यास तो कोणत्या गांवचा हें सांगण्याची आमची प्राज्ञा नाहीं. गांवांचीं नांवें परस्परांत बदललीं तरी एकाहि वाक्यास धक्का लागत नाहीं.

असले सगळे लेख आम्हीं एका ओळीच्या पत्रानिशीं परत केले असते. तसें केलें नाहीं याचें कारण इतकेंच, कीं तोच अपराध आमच्याहि हातून घडला आहे.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, वैद्यांच्या सल्ल्यानें आणि सहकाऱ्यांच्या थट्टेस न जुमानतां, आम्हीं धांवण्यास आरंभ केला. मागील वर्षीं पुण्याच्या सपाट रस्त्यावर अर्ध-मॅरॅथॉनच्या अंतरास आम्हांस २ तास ११ मिनिटें लागलीं. हा आमचा व्यक्तिगत उच्चांक. (कमींत कमी वेळेस ‘उच्चांक’ म्हणणें चमत्कारिकच; पण रूढी पडली आहे.) यंदा आषाढांत एका स्नेह्याकडे मळवलीस चार दिवस राहण्याचा योग आला, आणि तेथें हा आंकडा खालीं आणावयाचाच, असें आमच्या मनानें घेतलें. स्टेशनापासून भाज्याच्या लेण्यांचा पायथा, तेथून मागें फिरून द्रुतगति-मार्ग व जुना हमरस्ता ओलांडून कार्ल्याचा पायथा, अशा खेपा घालून आम्हीं अंतर भरून काढलें. शर्यत नव्हती, सोबतीस कोणी नव्हतें, घड्याळ होतें. त्यानें २ तास ९ मिनिटें दाखविलीं, आणि त्याच रात्रीं आम्हीं लेख लिहून टाकला.

तो प्रथम वाचला आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें. ती मूळची कामशेतकडची. आतां स्वतः मराठी शिकविते. दोन दिवसांनीं तिनें लेख परत दिला आणि म्हणाली, “सर, यांत मळवली कोठें आहे?” आम्हीं पानें चाळलीं. ‘मळवली’ हा शब्द चार वेळां आला होता, आणि चारहि वेळां त्याच्यापुढें किलोमीटरचा आंकडा होता. ती पुढें म्हणाली, “आणि दोन तास नऊ मिनिटें म्हणजे चांगलें कीं वाईट, हें तरी वाचणाऱ्यानें कसें ठरवावें? चढ किती, चिखल किती, कांहींच सांगितलेलें नाहीं तुम्हीं.”

पहिला प्रश्न कोणीहि टीकाकार विचारील. दुसरा आम्हांस अधिक अवघड वाटला, आणि प्रस्तुत लेख त्याच्यापायींच लिहीत आहों.

या जातीच्या लेखांवर सामान्यतः असा आक्षेप घेतला जातो, कीं आंकड्याच्या नादानें लेखकाची दृष्टि मेली. घड्याळ काढून ठेवावें, हळूहळू चालावें, म्हणजे डोंगर दिसूं लागेल. हा आक्षेप ऐकावयास गोड आहे, पण आम्हांस तो मान्य नाहीं. आंकडा ही वाङ्मयाची वैरीण गोष्ट नव्हे. ज्यास दोन तास अकरा मिनिटांचीं दोन तास नऊ मिनिटें करावयाचीं आहेत, त्याच्या जिवाला कांहीं लागून राहिलेलें असतें, आणि तसें लागून राहणें हें लेखनास उपकारकच आहे. दोष आहे तो हा, कीं हे लेखक आंकड्याशींहि प्रामाणिक नाहींत. वाट गाळून वेळ सांगणें म्हणजे भाव सांगून माप न सांगण्यासारखें आहे.

हें अंतरच पाहा. २१.०९७५ हा आंकडा कोणा गणित्यानें काढलेला नव्हे. १९०८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत मॅरॅथॉनची शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि क्रीडांगणांतील राजघराण्याच्या सज्ज्यासमोर संपली. ती वाट २६ मैल ३८५ यार्ड भरली. पुढें १९२१ सालीं तेंच अंतर सर्वत्रांसाठीं ठरविण्यांत आलें, आणि त्याचें अर्धें तें आपलें अर्ध-मॅरॅथॉन. म्हणजे ज्यास हे लेखक केवळ आंकडा समजतात, तो मुळांत एका विवक्षित गांवचा एक विवक्षित रस्ता आहे.

याहून जवळचें उदाहरण बेळगांवचे फडेप्पा दारेप्पा चौगुले यांचें. १९१९ सालीं पुण्यास डेक्कन जिमखान्याचे सामने झाले. अध्यक्षस्थानीं सर दोराबजी टाटा होते. तेथें अनवाणी धांवणारीं शेतकऱ्यांचीं पोरें पाहून टाटांनीं पुढील वर्षींच्या ऑलिंपिकसाठीं हिंदी संघ पाठविण्याची खटपट केली, आणि १९२० च्या ऑगस्टांत बेल्जममधील अँटवर्प येथें चौगुले मॅरॅथॉन धांवले. वेळ २ तास ५० मिनिटें ४५ सेकंद; क्रमांक एकोणिसावा. त्यांच्याबरोबर गेलेल्या सदाशिव दातारांस शर्यत पुरी करतां आली नाहीं. चौगुल्यांचा हा आंकडा आज कोणत्याहि कोष्टकांत सांपडतो, आणि नुसता वाचला तर बेताचा वाटतो. पण अँटवर्पची ती वाट ४२.७५ किलोमीटर होती, म्हणजे ठरीव अंतराहून सुमारें साडेपांचशें मीटर लांब. चौगुले किलोमीटरला चार मिनिटें या वेगानें गेले. तेव्हां दोन मिनिटांहून अधिक काळ त्यांनीं आजच्या हिशेबीं शर्यत संपल्यावर धांवण्यांत घालविला. हें ज्यानें सांगितलें नाहीं त्यानें चौगुल्यांवर अन्याय केला, आणि तो अन्याय दोन मिनिटांचा आहे, मोजून दाखवितां येतो.

आंकड्याचे जे कायदेकर्ते आहेत ते या बाबतींत आमच्या निबंधकारांहून पुष्कळच रसिक म्हणावे लागतील. रस्त्यावरील शर्यतींत जागतिक विक्रम धरावयाचा, तर आरंभ व शेवट यांमध्यें सरळ रेषेंत शर्यतीच्या निम्म्याहून अधिक अंतर नसावें आणि दर किलोमीटरमागें एका मीटरहून अधिक उतार नसावा, असा नियम आहे. २०११ सालीं बोस्टन येथें केनियाचा जेफ्री मुताइ २ तास ३ मिनिटें २ सेकंदांत पोंचला. तोंवर इतक्या वेगानें मॅरॅथॉन कोणी धांवलें नव्हतें. तरीहि विक्रम मानला गेला नाहीं, कारण ती वाट एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे उतरत जाते. पंचांनीं वाट वाचली. आपल्याकडे साताऱ्याची अर्ध-मॅरॅथॉन यवतेश्वराचा घाट चढून जाते आणि तोच घाट उतरून येते; तेथली वेळ मुंबईच्या वेळेशेजारीं मांडून ‘सात मिनिटें मागें पडलों’ असें जो लिहितो, त्यास साताराहि कळला नाहीं आणि सात मिनिटेंहि नाहींत.

लता करे यांची गोष्ट मात्र निराळी. पतीच्या औषधोपचारास पैसा हवा म्हणून साठी उलटलेली ही बाई बारामतीच्या शर्यतींत नऊवारी नेसून अनवाणी धांवली आणि जिंकली. तिच्यावर पुढें चित्रपटहि निघाला, त्यांत काम तिनेंच केलें. तिची वेळ किती होती हें कोणी विचारीत नाहीं, आणि विचारण्याचें कारणहि नाहीं. तेथें आंकडा होता तो बक्षिसाच्या रकमेचा.

आणि हेतु धरून प्रवास केल्यानें डोळे मिटतात, असें तरी मराठी वाङ्मयाचा इतिहास कोठें सांगतो? वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं घराबाहेर पडले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळावी, घरचें कर्ज फिटावें, एवढ्या उघड व्यवहारी हेतूनें. तो हेतु ते क्षणभरहि विसरत नाहींत. कोठें काय मिळालें आणि कोठें काय लुटलें गेलें याचा हिशेब त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्यें जागोजाग आहे. आणि त्या हिशेबामुळेंच झांशीची लूट आपण त्यांच्या डोळ्यांनीं पाहतों, कारण लुटला जाणारा तेथें स्वतः उभा आहे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख घ्या: पंढरीचा हेतु सर्वांचा एक, पण एकाच वाटेवर जातवार निरनिराळ्या चालणाऱ्या दिंड्या बाईंस टोंचतात, त्या चालतां चालतांच.

परकीयांत जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी याचें धांवण्यावरील पुस्तक, २००७ सालीं निघालेलें, आम्हांस या प्रकरणीं उपयोगाचें वाटतें. तोहि वेळांचा हिशेब ठेवणाराच आहे, आणि वयाबरोबर त्या वेळा वाढूं लागल्या हें लपवीत नाहीं. १९८३ च्या उन्हाळ्यांत तो अथेन्सहून मॅरॅथॉन गांवाकडे, म्हणजे दंतकथेच्या उलट दिशेनें, एकटा धांवला. त्या प्रकरणांत किलोमीटर आहेतच. पण वाटेंत गाड्यांखालीं मेलेलीं कुत्रीं-मांजरेंहि तो मोजतो. मोजण्याची संवय तीच. ती मनगटावरून रस्त्यावर उतरली, एवढाच फरक. पुस्तक सर्वत्र सारखें उतरलें आहे असें नाहीं, कांहीं पानें अगदींच पाणचट आहेत, पण त्या रस्त्याचें ऊन वाचकास लागतें खरें.

आतां आमच्या लेखाकडे. विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून आम्हीं तो पुन्हां लिहावयास घेतला, तेव्हां काय काय गाळलें होतें तें ध्यानांत आलें. भाज्याकडे वळल्यावर गांवाच्या पुढें रस्ता चढूं लागतो, तेथें आमचा श्वास तुटला होता. लेखांत तो ‘किलोमीटर दुसरा, जरा जड गेला’ असा आला होता. वर इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत कोरलेलें चैत्यगृह आहे, त्याचे खांब लांकडी घराच्या धर्तीवर आंत कललेले आहेत. विहाराच्या ओवरींत रथांत बसलेला देव आहे, त्याला कोणी सूर्य म्हणतात, कोणास तें मान्य नाहीं, पण रथाखालीं चिरडलेल्या अवजड देहांविषयीं दुमत नाहीं. त्याच्या पायथ्याशीं जाऊन आम्हीं घड्याळ पाहिलें आणि पाठ फिरविली. तेथूनच गायमुख खिंडीकडे लोहगडाची वाट जाते. २०२५ सालीं युनेस्कोनें ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा ठरविलें त्यांतला हा एक. गडापलीकडे पवनेचें खोरें व तुंग, गोपाळ नीलकंठ दांडेकरांच्या धोंडीचा मुलूख. रस्त्याच्या दोहों अंगांस खाचरांत भाताची लावणी चालली होती. बायका गुडघाभर चिखलांत वांकलेल्या, आणि बांधावरून एक प्रौढ गृहस्थ, भडक रंगाचे बूट घालून, कोणीहि पाठीस लागलेलें नसतां पळत आहे. त्यांतली एक हंसून दुसरीला कांहीं म्हणाली. तें काय म्हणाली हें ऐकण्यासाठीं थांबलों असतों, तर आमचा लेख वाचला असता.

हें सर्व घालून, चढ कोठें आणि चिखल कोठें तें नमूद करून, दुसरी प्रत आम्हीं तिच्याकडे धाडली. कार्ल्याच्या रस्त्यावर म्हशींचा मोठा कळप आडवा आला आणि तो जाईतों आम्ही कडेला उभे होतों, हेंहि प्रामाणिकपणें लिहिलें. तो प्रसंग बरा साधला आहे असें आम्हांस वाटत होतें. प्रत परत आली. तिच्यावर एकच खूण होती, म्हशींच्या वाक्याशेजारीं, समासांत, पेन्सिलीनें: “घड्याळ थांबविलें होतें काय, सर?”

थांबविलें होतें. कळप चार मिनिटें जात होता. तेव्हां मळवलीची वेळ २ तास १३ मिनिटें अशी दुरुस्त करावी लागते, आणि पुण्याच्या सपाट रस्त्यावरचा आमचा उच्चांक अद्याप तसाच आहे.