‘शोले’ ऐकताना

‘शोले’ आपण इतक्यांदा पाहिला आहे की तो ऐकायचा मात्र राहूनच गेला. एकदा डोळे मिटून ठाकूरच्या वाड्यातल्या त्या दुपारपाशी थांबू या. गोळ्यांचे बार विरतात, संगीत मागे सरते आणि उरते ती रिकाम्या झोपाळ्याची करकर. संथ, एका लयीतली, थांबवायला कोणी न उरलेली. मग लहानग्यावर बंदूक रोखली जाते, बार होतो, आणि त्या बारातूनच फुटावी तशी आगगाडी धडधडत येते. पुणतांब्यासारख्या रुळांकाठच्या गावातल्या कानाला गाडीची चाहूल म्हणजे आपले माणूस घरी येणार याची खूण. इथे तीच चाहूल काळीज चिरते, कारण येणाऱ्याला अजून काहीच ठाऊक नसते.

संगीत राहुल देव बर्मन यांचे, दृष्टी रमेश सिप्पींची. पण संवाद, संगीत आणि परिणामध्वनी यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या समोर ठेवून कोणता आवाज किती चढवायचा, कोणता कधी पुसून टाकायचा, हे तोलणारे कान मंगेश देसाईंचे. शांतारामबापूंच्या परळच्या राजकमल कलामंदिरात ते ध्वनिमिश्रण करीत. सत्यजित राय यांच्यासारखा काटेकोर दिग्दर्शकही त्यासाठी त्यांच्याकडे येई.

गब्बरचा प्रवेश आठवा. खडकावर बुटांचा आवाज, दगडावरून घासत जाणारा पट्टा, आणि दोन पावलांच्या मधली ती मोकळी जागा! बासू चक्रवर्तींच्या चेलोचा अंगावर काटा आणणारा स्वर त्या जागेच्या कडेकडेने सरकतो, तिला भरून टाकत नाही. आणि म्हणूनच भीतीला तिथे पाय पसरायला ऐसपैस अंगण मिळते.

‘शोले’ आला त्याच दशकात दूर जमैकातल्या किंग्स्टन शहरात किंग टबी नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर तयार गाण्यातला गळा पुसून ढोल आणि बास तेवढे ठेवी, मधेच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून देई. त्या ‘डब’ संगीतातली त्याची ऑगस्टस पाब्लोबरोबरची 1976 ची तबकडी आजही रसिक जिवापाड जपतात. तिथे पाब्लोची मेलोडिका, इथे जयच्या ओठांवरचा, भानू गुप्तांनी वाजवलेला माउथ ऑर्गन. दोन्ही वाद्ये श्वासावर थरथरणाऱ्या पात्यांची, आणि दोन्हींभोवती मिश्रणकाराने राखलेला तोच उदार अवकाश. टबी आणि देसाई या दोघा कलावंतांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण वजाबाकीतून रस निर्माण करण्याची विद्या दोघांनाही सारखीच साधली होती.

‘शोले’च्या गाण्यांची तबकडी सुरुवातीला फारशी खपली नाही, पॉलिडॉर कंपनीने संवादांची काढली, आणि ती मात्र हातोहात गेली. म्हणजे सामान्य श्रोत्याच्या कानाने या कलेला दाद केव्हाच दिली होती, फक्त कलावंताचे नाव त्याला कोणी सांगितले नाही. पुढच्या वेळी चित्रपट लागेल तेव्हा श्रेयनामावलीत मंगेश देसाई हे नाव शोधा, आणि मग ऐकायला बसा.