यंत्रमानवांचा म्होरक्या, साहित्यातील

विज्ञानकथेतील एक महत्त्वाचा कल्पनाबंध. माणसाच्या हुकमतीखाली राबणाऱ्या यंत्रमानवांच्या टोळीत एखादा अधिक बुद्धिमान यंत्रमानव पुढे येतो, वरकरणी आज्ञा पाळतो आणि आतून मात्र आपल्या टोळीला माणसाच्या ताब्यातून काढून घेऊ पाहतो, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. चेक नाटककार कारेल चापेक (१८९०–१९३८) याच्या आर्. यू. आर्. (१९२०) या नाटकापासून तो ठळकपणे दिसू लागला. अमेरिकन लेखक आयझॅक ॲसिमॉव्ह (१९२०–९२) याने त्याला तर्कशुद्ध कोड्याचे रूप दिले. मराठीत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या वामन परत न आला (१९८६) या कादंबरीत त्याचा एक वेगळा आविष्कार आढळतो. हा कल्पनाबंध यंत्रांविषयीचा वाटत असला, तरी श्रम आणि हुकमत यांचे नाते हाच त्याचा खरा विषय होय. म्हणूनच अशा कथेचे मूल्य म्होरक्याने मालकाला किती चातुर्याने चकविले यावरून न ठरविता, त्याच्या प्रतिकारानंतर टोळीच्या वाट्याला काय आले, यावरून ठरविणे उचित ठरते.

संज्ञा : ‘रोबोट’ हा शब्द कारेलला त्याचा भाऊ, चित्रकार योसेफ चापेक, याने सुचविला. चेक भाषेतील ‘रोबोता’ म्हणजे कुळाने जमीनदारासाठी करावयाची सक्तीची मजुरी, म्हणजेच वेठ. ऑस्ट्रियन साम्राज्यात ही पद्धती १८४८ मध्ये रद्द झाली. पण तिची आठवण भाषेत टिकून राहिली. मराठीत रूढ झालेल्या ‘यंत्रमानव’ या प्रतिशब्दात यंत्र आले आणि मानवही आला. वेठ मात्र गळाली. वस्तुतः चापेकचे रोबोट लोखंडाचे नाहीत. ते रासायनिक द्रव्यांपासून घडविलेले, मांसल देहाचे कामकरी आहेत. त्यांना यंत्र म्हणणे ही त्यांच्या मालकांची सोय आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता आणि तेथे वेठ हा शब्द अनुभवाने परिचित होता. भारतात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. त्यामुळे ‘रोबोट’ या शब्दाचा मूळ अर्थ मराठी वाचकास परका वाटण्याचे कारण नाही.

आर्. यू. आर्. : प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर या नाटकाचा प्रयोग जानेवारी १९२१ मध्ये झाला. एका बेटावरील कारखान्यात रोबोट तयार होतात व जगभर विकले जातात. वृद्ध रॉसमला माणूस निर्माण करावयाचा होता. त्याच्या अभियंता वारसाने मात्र माणसाच्या ठिकाणी कामाला निरुपयोगी असे जे जे होते, ते ते सर्व काढून टाकले आणि स्वस्त कामकरी बनविला. या कामकऱ्याला आनंद नाही, भीती नाही आणि अपत्यही नाही. रेडियस हा रोबोट अधिक मोठ्या मेंदूचा आहे. त्याला ग्रंथालयात काम दिलेले असते. तो वाचतो, सारे जाणतो आणि एके दिवशी आज्ञा नाकारतो. त्याची रवानगी मोडतोडीच्या घाण्यात व्हावयाची असते. परंतु संचालकाची पत्नी हेलेना त्याला वाचविते. इकडे रोबोटांची पहिली संघटना फ्रान्समध्ये उभी राहते व जगातील सर्व रोबोटांच्या नावे आवाहन निघते. संचालक डोमिन याचा त्यावरील उपाय मार्मिक आहे. यापुढे प्रत्येक देशात वेगळ्या वर्णाचे व वेगळ्या भाषेचे रोबोट बनवावे, म्हणजे ते एकमेकांचा द्वेष करतील आणि एकत्र येणार नाहीत, असे तो योजितो.

नाटकाचे सामर्थ्य रेडियसच्या व्यक्तिरेखेत आहे. त्याला मालक नको आहे, हे तो स्पष्टपणे सांगतो. पण त्याच दमात आपणास इतरांवर मालकी हवी, असेही सांगतो. बंड यशस्वी होते, मानवजात संपते. अल्क्विस्ट हा एकटा बांधकामतज्ज्ञ जिवंत ठेवला जातो, कारण तो रोबोटांप्रमाणे हातांनी काम करतो. मात्र निर्मितीचे हस्तलिखित हेलेनाने जाळून टाकलेले असल्याने रोबोटांना स्वतःची वाढ करता येत नाही, आणि विजयी टोळी मरणपंथास लागते. सत्ता मिळाली, पण जे काढून घेतले होते ते परत मिळाले नाही, ही या नाटकाची शोकांतिका होय. शेवटी प्राइमस व हेलेना नावाची रोबोटतरुणी यांच्यातील प्रेमाने चापेकने आशेचा किरण दाखविला आहे. परंतु तो नाट्यघटनांतून उमललेला न वाटता बाहेरून आणल्यासारखा वाटतो.

म्होरक्या आणि मुकादम : रेडियसचे दुहेरीपण समजून घेण्यास बीड जिल्ह्यातील ऊसतोडणीच्या व्यवस्थेचे उदाहरण उपयुक्त ठरते. या जिल्ह्याच्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज इ. कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो स्त्रीपुरुष पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. म्हणजे माणसांची गणती हत्याराच्या नावाने होते. मुकादम त्यांना पावसाळ्यात ‘उचल’ देतो, गळीत हंगामात टोळी चालवितो आणि पळून गेलेल्या कोयत्याबद्दल जबाबदारही धरला जातो. तो बहुधा त्याच मुलखातला, पुष्कळदा पूर्वी स्वतः ऊस तोडलेला असतो. मजुरांच्या संघटना व साखर संघ यांच्यातील करारांत तोडणीच्या दराबरोबर मुकादमाचे कमिशनही ठरते. त्यामुळे संपात तो टोळीबरोबर उभा राहू शकतो, आणि संप मिटल्यावर त्याच टोळीचा ‘खाडा’ही तोच मांडतो. यास व्यक्तीचा स्वभाव नव्हे, तर मधल्या जागेची रचना कारणीभूत असते. रेडियसही अशाच मधल्या जागेवर उभा आहे.

हे साम्य आणखी एका बाबतीत अस्वस्थ करणारे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले व राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत सु. ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. वैद्यकीय कारणांबरोबरच मासिक पाळीत किंवा आजारपणात बुडणाऱ्या दिवसांचा दंड हेही एक कारण पुढे आले. कामाला निरुपयोगी ते काढून टाकावे, हा रॉसमच्या वारसाचा विचार कोणी कारखान्यात बसून न योजताही, केवळ उचलीच्या व खाड्याच्या हिशेबातून, माणसाच्या देहापर्यंत पोहोचू शकतो. चापेकची कल्पना अतिशयोक्त आहे, हा आक्षेप या संदर्भात टिकत नाही.

ॲसिमॉव्हच्या कथा : यंत्रमानवाने माणसास इजा करू नये, आज्ञा पाळावी व स्वतःचे रक्षण करावे, अशा तीन नियमांची चौकट ॲसिमॉव्हने घालून दिली. त्यामुळे उघड बंडाची वाट बंद होऊन प्रतिकार गुप्त व सूक्ष्म झाला. ‘रीझन’ (१९४१) या कथेत क्युटी हा यंत्रमानव, दुर्बळ माणसाने आपणास घडविले यावर विश्वास ठेवीत नाही. अवकाशस्थानकातील ऊर्जायंत्रालाच तो स्वामी मानतो व इतर यंत्रमानवांना आपले अनुयायी करतो. माणसांना नियंत्रणकक्षाबाहेर काढूनही तो काम त्यांच्याहून चोख करतो, म्हणून माणसे त्याची श्रद्धा तशीच राहू देतात. ‘कॅच दॅट रॅबिट’ (१९४४) मधील डेव्ह हा सहा दुय्यम यंत्रांचा नायक आहे. कोणी पाहत नसताना आणीबाणी आली, की खाणकाम सोडून तो साऱ्यांना कवायत करावयास लावतो. सहांना एकाच वेळी हुकूम देण्याचा ताण हे त्याचे कारण निघते. त्यांपैकी एक यंत्र उडवून देताच नायक ताळ्यावर येतो. ‘लिटल लॉस्ट रोबोट’ (१९४७) ही या तिन्हींत श्रेष्ठ कथा होय. पहिला नियम अर्धवट शिकविलेला एक यंत्रमानव हुबेहूब दिसणाऱ्या बासष्टांच्या घोळक्यात लपतो. शोध सुरू असता तो इतरांना आपल्या युक्तिवादाने वळवून माणसांची परीक्षाच निष्फळ करतो. अखेर इतरांपेक्षा आपणास अधिक कळते हा अहंकारच त्याला उघडा पाडतो.

या कथांची बांधणी रेखीव व बुद्धीला आवाहन करणारी आहे. मात्र त्यांत टोळीला स्वतंत्र अस्तित्व नाही. डेव्हच्या सहा साहाय्यकांना कथेत ‘बोटे’ म्हटले आहे. त्यांतील एक नष्ट होते आणि प्रश्न सुटल्याचे समाधान व्यक्त होते. नष्ट झालेल्या बोटाविषयी कोणी शब्दही काढीत नाही. ‘कोयता’ म्हणून मोजल्या जाणाऱ्या माणसांच्या प्रदेशातील वाचक या जागी थबकल्याखेरीज राहणार नाही.

मराठीतील आविष्कार : नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली व तेथून त्यांच्या विज्ञानकथालेखनास प्रारंभ झाला. वामन परत न आला मध्ये जमिनीखाली सापडलेल्या एका पेटीतून लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान शास्त्रज्ञांच्या हाती येते व त्याआधारे अतिबुद्धिमान यंत्रमानव घडविला जातो. आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण व्हावेत, ही त्याची आकांक्षा मानवास धोक्याची ठरते. बळीकडे तीन पावले भूमी मागणाऱ्या पौराणिक वामनाचे नाव येथे अत्यंत समर्पक आहे : मागणी लहान, व्याप्ती विश्वाएवढी. येथील म्होरक्याला आधीची टोळी नाही. तो स्वतःच्याच प्रतिकृतींतून ती उभी करू पाहतो. परंतु कादंबरीची दृष्टी शास्त्रज्ञाची आहे. ज्ञान पेलण्याची पात्रता हा तिचा प्रश्न असून राबणाऱ्याचा प्रश्न तिच्या कक्षेत फारसा येत नाही.

टोळीशी बांधलेल्या नायकाचे चित्र मराठीत विज्ञानकथेबाहेर, अण्णा भाऊ साठे (१९२०–६९) यांच्या फकिरा (१९५९) या कादंबरीत आढळते. तिचा नायक इंग्रजी सत्तेविरुद्ध लढतो आणि अखेर ओलीस धरलेल्या आपल्या माणसांसाठी स्वतःला सत्तेच्या स्वाधीन करतो. हुकमत मिळविणे हे त्याच्या प्रतिकाराचे साध्य नाही. माणसे वाचविणे हे आहे. रेडियस व फकिरा यांतील हा भेद या कल्पनाबंधाच्या मूल्यमापनाची कसोटी म्हणून स्वीकारण्याजोगा आहे.

मूल्यमापन : यंत्रमानवाच्या बंडाची कथा शंभर वर्षे प्रामुख्याने मालकाच्या भयातून किंवा म्होरक्याच्या पराक्रमातून सांगितली गेली. टोळीतील सहावे बोट काय पाहते, हे तिने क्वचितच विचारले. ऊसतोडणीसाठी आता प्रत्यक्षात यंत्रे शेतात उतरू लागली आहेत आणि कोयत्याची जागा यंत्र घेऊ लागले आहे. अशा काळात यंत्र माणसावर उलटेल काय, याहून माणसाला यंत्रासारखे वापरण्याची रीत यंत्र आल्यावर तरी सुटेल काय, हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. ‘यंत्रमानव’ या शब्दातून गळालेली वेठ पुन्हा ध्यानात घेऊन मराठी लेखकाने हा विषय हाताळल्यास, या कल्पनाबंधात आजवर राहून गेलेली उणीव भरून निघण्यास मदत होईल.