कौशल्याचा अर्ज आणि परंपरेचा रकाना

साहित्यविचारासाठी राखलेल्या या पानांत सरकारी अर्जाची समीक्षा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. दलित समाजाने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत सर्वांत जास्त काही लिहिले असेल तर ते अर्जच होत, हे त्याचे उत्तर. आपल्याकडे कवितेच्या आधी अर्ज आला आणि आत्मकथनाच्याही आधी आला. लेखणी हातात आली ती प्रथम 'मेहेरबान साहेबांच्या सेवेशी' असे लिहिण्यासाठी. प्रस्थापित साहित्येतिहासाने या लेखनाला वाङ्मय मानले नाही, ते ठीक. पण आपणही मानले नाही. दलित साहित्याची परंपरा शोधताना आपण संतांपर्यंत मागे जातो, बुद्धापर्यंत जातो, आणि वाटेत पडलेली अर्जांची बाडे ओलांडून जातो.

महारांची सैन्यभरती इंग्रजांनी १८९० नंतरच्या काळात बंद केली तेव्हा गोपाळ बाबा वलंगकरांनी विनंतीपत्राचा मसुदा केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. त्यात पलटणीत आणि पोलिसांत जागा मागितल्या होत्या. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयला जे निवेदन दिले त्यात शास्त्र व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती, तशीच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे अशीही होती. उमेदवारी म्हणजे कामावर राहून काम शिकणे. आज ज्याला कौशल्य विकास म्हणतात त्याची मागणी आपल्याकडून ऐंशी वर्षांपूर्वी लेखी गेलेली आहे. या सर्व अर्जांची दिशा मात्र एकच होती. गावाबाहेर, बापाच्या कामाबाहेर, जातीने नेमून दिलेल्या जागेबाहेर. अर्जदार सांगत होता, मी जे करतो ते मला करायचे नाही. मला दुसरे शिकवा.

आता आजचा अर्ज घ्या. पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तरतूद १३,००० कोटी रुपयांची. अर्ज सेवा केंद्रात जाऊन, आधार आणि अंगठा देऊन भरायचा. मग ग्रामपंचायत वा नगरपालिका तपासणार, नंतर जिल्ह्याची समिती, नंतर वरची समिती. पात्र ठरल्यास पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाखाचे व नंतर दोन लाखांचे कर्ज. पाहता वाईट काय आहे? आकड्यांत फारसे नाही. वाईट आहे ते पात्रतेच्या वाक्यात. अर्जदार अठरा 'कुटुंबाधारित पारंपरिक' व्यवसायांपैकी एकात हाताने व हत्याराने काम करणारा असावा, असे ते वाक्य सांगते.

अठरा हा आकडा मराठी माणसाला परका नाही. बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार हे आपण शाळेत गावगाड्याचे वैभव म्हणून पाठ केले. दिल्लीत यादी करणाऱ्याने हे मनात धरले असेल असे मी म्हणत नाही, पण यादी वाचताना गावगाडाच डोळ्यांपुढे उभा राहतो. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, शिंपी, सोनार, चांभार, टोपली-झाडू-चटई करणारा. 'बलुतं' हे नाव दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला दिले ते या व्यवस्थेवरचा आरोप म्हणून. सरकारी कागदावर तीच व्यवस्था वारसा म्हणून परत येते.

या यादीत महार नाही. मी ती तीनदा वाचली. नाही, आणि असणेही शक्य नव्हते. कारण महाराच्या हाती हत्यार नव्हते, काठी होती. दवंडी देणे, सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे, सरकारी खजिन्यासोबत चालत जाणे, ही कामे कोणत्या रकान्यात बसणार? त्या कामांचे वतन होते, आणि ते वतन मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. सवलत म्हणून मिळालेली जमीन म्हणजे गुलामीची वेसण आहे हे त्यांनी ओळखले होते. म्हणजे यादीत आपले नाव नसणे ही एका लढ्याची कमाई आहे. तरीही वस्तीतला बेकार मुलगा तो अर्ज घेऊन येतो आणि विचारतो, "सर, यात आपण कुठे बसतो?" त्याला गवंडी किंवा शिंपी लिहावे लागते. तो खरोखर गवंड्याच्या हाताखाली राबत असतो, म्हणून लिहिणे खोटेही नसते. पण 'पारंपरिक' या शब्दापाशी तो थांबतो. त्याची परंपरा काय, हे त्याला ठाऊक आहे.

येथे न्यायाने एक सांगितले पाहिजे. योजना अर्जदाराला त्याच्या जातीचाच धंदा निवड असे म्हणत नाही. ब्राह्मणाच्या मुलाने चांभारकामासाठी अर्ज केला तर नियम आड येणार नाही. असा अर्ज करणारा मात्र मला अजून भेटलेला नाही. जातीचे नाव न घेता जात चालवता येते, ती 'कुटुंब' आणि 'परंपरा' या दोन शब्दांवर. आपल्या देशात कुटुंब जातीबाहेर लग्न करीत नाही आणि परंपरा जातीबाहेर शिकवीत नाही. जात ही कामाची वाटणी नसून कामकऱ्यांची वाटणी आहे, हा १९३६ चा सिद्धान्त ज्यांनी वाचला त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तमिळनाडूने हे आपल्याआधी ओळखले, आणि त्यालाही इतिहास आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. खेड्यातील मुलाने अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुल कल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले. त्या नावानेच ती योजना मेली. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि ती मागे घेतली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राला कळवले, की विश्वकर्मा योजना आहे त्या रूपात आम्ही राबवणार नाही. कुटुंबाच्या धंद्याची अट काढा आणि किमान वय अठराऐवजी पस्तीस करा. केंद्राने ऐकले नाही. २०२५ मध्ये त्या राज्याने स्वतःची योजना सुरू केली, पंचवीस व्यवसायांची, कुटुंबाची अट नसलेली. वयाची मागणी मला अधिक मोलाची वाटते. पस्तिशीतल्या कारागिराला मदत देणे वेगळे आणि अठरा वर्षांच्या पोराला बापाच्या हत्याराजवळ बसवणे वेगळे. अठराव्या वर्षी तो माझ्या वर्गात असतो. त्याची शिष्यवृत्ती वर्ष संपत आले तरी खात्यावर आलेली नसते, आणि समोर पंधरा हजारांची हत्यारपेटी असते. वर्गातला बाक कसा रिकामा होतो हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

आपले काही तरुण मित्र यावर म्हणतात, बहिष्कार घाला. हा अर्ज भरणे म्हणजे गुलामीवर सही करणे. मला हे पटत नाही. बसस्थानकाबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या चर्मकार बांधवाला शिलाई यंत्र मिळत असेल तर ते त्याने का सोडावे? बहिष्काराची किंमत नेहमी ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्यालाच मोजायला लावायची, ही आपल्या चळवळीतली जुनी खोड आहे. तो अर्ज मी भरून देतो, आणि त्याच्या मुलाला महाविद्यालयात बसवून ठेवण्यासाठी भांडतो. दोन्ही कामे एकाच दिवशी करता येतात.

शिवाय त्या माणसाच्या हातातले ज्ञान आपण हलके लेखू नये. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेच्या घडणीच्या चपला मिलानमध्ये मिरवल्या, तेव्हा आधी कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाली तेव्हा घेतले. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते आणि ते महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे होते, म्हणून पुढे कंपनीला त्यांच्याशी करार करावा लागला. हात चर्मकाराचे आणि किंमत बाजाराची, हा प्रकार जुनाच. पण एक कागद आपल्या बाजूने असला की काय होते, तेही येथे दिसले. अर्ज आणि नोंदणी यांना तुच्छ मानणाऱ्या क्रांतिकारकांनी याचा विचार करावा.

'कौशल्य' या शब्दाकडेही थोडे पाहू. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, तेथेही हेच दुखणे मांडले गेले: अस्पृश्याने गँगमन म्हणून यावे आणि गँगमन म्हणूनच निवृत्त व्हावे. म्हणजे आधी शिकू द्यायचे नाही, मग 'अकुशल' हा शिक्का मारायचा, आणि सत्तर-ऐंशी वर्षांनी कौशल्याची योजना काढून उपकार करायचे. बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागलेला आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. नोकरी मिळूनही त्याला राहायला खोली जात सांगून मिळत नाही. प्रमाणपत्राने फार तर कारखान्याचे दार उघडते; गावातले दार उघडायला ते पुरत नाही.

२०१३ च्या कायद्यानंतर देशात हाताने मैला साफ करणारे म्हणून ५८,०९८ माणसे नोंदली गेली. त्यांना एकदाच ४०,००० रुपये, आणि दोन वर्षांपर्यंतचे प्रशिक्षण महिना ३,००० विद्यावेतनावर, असे पुनर्वसन ठरले. रोख रक्कम बहुतेकांना पोचली. स्वतःच्या धंद्यासाठी भांडवली अनुदान मिळाले ते काही हजारांनाच. कारण उघड आहे. शिवणकाम शिकलेल्या भगिनीकडे कपडे शिवायला टाकणार कोण, हा प्रश्न कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नाही. प्रशिक्षण विकणाऱ्याला दिले जाते, घेणाऱ्याला नाही.

कामाच्या जागी शिकण्याचा दुसरा मार्ग १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा. त्याच्या कलम १८ प्रमाणे उमेदवार हा शिकणारा असतो, कामगार नव्हे. कलम २२ प्रमाणे त्याला पुढे कामावर घेण्याचे बंधन मालकावर नाही. एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. १९७३ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३-अ मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती व जमातींसाठी उमेदवारीच्या जागा राखून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, आणि हा मालक खासगीही असतो. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे म्हणून आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण खासगी कारखान्याच्या दारात पन्नास वर्षांहून अधिक काळ पडून असलेला हा हक्क आपण उचललेला नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला महिना ६,०००, पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००, सहा महिने. माझ्या ओळखीचे बरेच पदवीधर त्यात गेले. त्यांनी सरकारी कचेऱ्यांत नोंदी केल्या, टपाल वाटले, कारकुनाची सुटी भरून काढली. २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढली. मग हीच मुले कायम करा म्हणून रस्त्यावर आली. रिक्त पद भरायचे तर बिंदुनामावली लागते. प्रशिक्षणार्थ्याला घेऊन तेच काम करून घेतले, की ते पद आणि त्यावरचे आरक्षण दोन्ही फाइलीत झोपतात. ही योजना विद्यार्थ्यांच्या खिशात चार पैसे घालून गेली, हे खरे. त्या पैशांचा मला राग नाही. त्या पदांचा हिशोब मला हवा आहे.

आणि हिशोब ठेवण्याची सरकारी रीत कशी, हे पंतप्रधान कौशल्य विकास योजनेने दाखवले. २०१५ ते २०२२ या काळावरचा महालेखापालांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षणार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्य, कोरी जागा वा तत्सम काही होते. कोठे एकापुढे एक एकच आकडा टाकलेला. ज्या राज्यात आपल्या पोराच्या दाखल्यावर नावाची एक वेलांटी चुकली तर अर्ज परत येतो, त्या राज्यात हे वाचून हसावे की रडावे!

आपल्या कथा-कादंबरीत हा सेवा केंद्रातला माणूस, अंगठा न उमटणारी म्हातारी, शंभर रुपये घेऊन अर्ज भरणारा दलाल अजून पुरेसा आलेला नाही. शिकलेल्यांनी अर्ज भरून देण्याचे काम सोडले आणि ते दलालाने उचलले. आमच्या अभ्यासमंडळातील विद्यार्थ्यांनी या वर्षी दुसऱ्या प्रकारचे अर्ज लिहायला घेतले आहेत. माहितीच्या अधिकारात त्यांनी विचारले आहे, की आमच्या औद्योगिक वसाहतीतील प्रत्येक आस्थापनेत कलम ३-अ प्रमाणे किती जागा राखल्या, कोणत्या व्यवसायात, आणि त्यांवर किती उमेदवार घेतले. कायद्याने दिलेले तीस दिवस उलटून गेले आहेत. पहिले अपील मागच्या सोमवारी टपालात पडले.