लॉर्ड लिव्हरपूलची कारकीर्द : एक पुनर्विचार

लॉर्ड लिव्हरपूल १८१२ ते १८२७ अशी जवळजवळ पंधरा वर्षे ब्रिटनचा पंतप्रधान होता. नेपोलियनचा अंतिम पराभव आणि पेशवाईचा अस्त या दोन्ही घटना त्याच्याच अमदानीतल्या. तरीही डिझरायलीने १८४४ साली ‘कॉनिंग्जबी’ या कादंबरीत सामान्यांचा अग्रणी म्हणून त्याची जी संभावना केली, तीच त्याच्या नावाला चिकटून राहिली.

पुढे या कारकीर्दीचे १८२२ या वर्षाशी दोन भाग पाडण्याचा प्रघात पडला. पूर्वार्ध दडपशाहीचा : १८१७ मध्ये हेबिअस कॉर्पसची स्थगिती, ऑगस्ट १८१९ मध्ये मँचेस्टर येथील पीटरलूचा रक्तपात आणि वर्षअखेरीचे सहा कायदे. उत्तरार्ध सुधारणांचा : कॅनिंगचे परराष्ट्रधोरण, पीलने सौम्य केलेले दंडविधान आणि हस्किसनने केलेली जकातकपात.

ही विभागणी अध्यापनास सोयीची खरी. परंतु पुराव्यापुढे ती टिकत नाही. कॅनिंग १८१६ मध्येच भारतविषयक नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष झाला होता. नोटांच्या मोबदल्यात पुन्हा सोने देण्याचा निर्णय १८१९ चा असून तत्संबंधीच्या समितीचे अध्यक्षपद पीलकडे होते. मुक्त व्यापाराच्या तत्त्वाचे समर्थन खुद्द लिव्हरपूलने मे १८२० मध्ये उमरावांच्या सभागृहात केले. उलटपक्षी, १८१५ च्या धान्यकायद्याचे मूळ तत्त्व उत्तरार्धातही अबाधितच राहिले. सारांश, १८२२ मध्ये ना माणसे सर्वस्वी नवी होती, ना विचार.

लिव्हरपूलचे खरे सामर्थ्य परस्परविरोधी सहकाऱ्यांना एकत्र नांदविण्यात होते. कॅथलिकांच्या राजकीय हक्कांचा प्रश्न त्याने आरंभापासून खुला ठेवला. प्रत्येक मंत्र्यास मतस्वातंत्र्य दिले, पण सरकारला कोणतीच बाजू घेऊ दिली नाही. म्हणूनच कॅनिंग व पील एकाच मंत्रिमंडळात राहू शकले. परंतु या तडजोडीत प्रश्न सुटला नाही, केवळ लांबणीवर पडला. फेब्रुवारी १८२७ मध्ये लिव्हरपूलला पक्षाघात झाला आणि त्यानंतर वर्षाच्या आत कॅनिंग, गोडरिच व वेलिंग्टन असे तीन पंतप्रधान झाले. १८२९ मध्ये कॅथलिकांना हक्क देणारा कायदा झाला, तेव्हा टोरी पक्ष दुभंगला आणि १८३० मध्ये त्याची सत्ता गेली.

तेव्हा डिझरायलीचा निवाडा अन्याय्य आहे, हे मान्य करावे लागते. परंतु १८२२ ची भिंत काढून टाकल्यावर सुधारणांचे श्रेय जसे केवळ कॅनिंग, पील व हस्किसन यांना देता येत नाही, तसेच सहा कायद्यांचे अपश्रेय एकट्या गृहमंत्री सिडमथच्या माथी मारता येत नाही. दोन्हींचा धनी लिव्हरपूलच होय.