वासरू आलं म्हणून

16 मे 2021ला तौक्ते वादळ मालवणच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड आडवे झाले, कौलं उडाली, वीज गेली. पाच दिवसांनी, 21 मेला, सुमित्रा भावेंचा 'दिठी' सोनी लिव्हवर आला. भावे त्याआधीच, 19 एप्रिलला, गेल्या होत्या. आमच्याकडे वीज आली तेव्हा मी तो फोनवर पाहिला. मग आजीबरोबर पुन्हा.

दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा हा सिनेमा. रामजी लोहार (किशोर कदम) वर्षानुवर्षं वारी करणारा. त्याचा तरुण मुलगा पुरात वाहून जातो आणि त्याची श्रद्धाच हलते. बाहेर पाऊस, आत सोबत्यांची पोथी. आणि गावात एक गाय अडलेली.

आमच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणाला, "दीड तास नुसता पाऊस आणि पोथी." एक मैत्रीण म्हणाली, ती रडून मोकळी झाली. खरा प्रश्न मात्र आजीने विचारला: "वासरू इलां म्हणान झील परत येता काय?"

आजीचा धाकटा झील, माझा काका, होडीवर गेला तो परतलाच नाही. त्यामुळे तिला उडवाउडवीचं उत्तर देता येईना.

शेवटाबद्दल माझीही तक्रार आहे. 'कासव' (2016) भावे आणि सुनील सुकथनकर यांनी मिळून केला. त्यात जगणं नकोसं झालेला मुलगा हळूहळू, माणसांच्या सोबतीने सावरतो. 'दिठी' भावेंनी एकटीने दिग्दर्शित केला. इथे रामजीला काही तासांतच दृष्टी मिळते. शिवाय त्याला काय उमगलं, ते शब्दांत सांगायची घाई होते. किशोर कदमांचा चेहरा पुरेसा होता.

पण गाय सोडवण्याचा प्रसंग मला खोटा वाटत नाही. तिथे रामजी तत्त्वज्ञ नसतो. अडलेली गाय कशी सोडवायची हे त्याच्या हातांना माहीत आहे, आणि गाय त्याचं दुःख संपेपर्यंत थांबणार नाही. वासरू ही मुलाची भरपाई नव्हे. हातांना काम मिळालं, एवढंच. हा प्रसंग चालू असताना आजीने फोन माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला होता.

मी तिला विचारलं, काका गेला तेव्हा गोठ्यातल्या म्हशीची धार कोण काढायचं?

"मियाच. म्हस थांबता काय?"

'दिठी' भावेंचा सर्वोत्तम सिनेमा नाही. माझ्यासाठी तो मान 'कासव'चाच. पण सिनेमाच्या शेवटावर शंका घेणाऱ्या आजीनेच नकळत त्याची बाजू घेतली. ते शब्द गाळून नुसते रामजीचे हात बघितले, तर तो शेवट मला पटतो.