एकास पंधरा : कोणासाठी?

केंद्र सरकार २०१६ पासून उच्च शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी जाहीर करीत आले आहे. तीत अध्यापक-विद्यार्थी प्रमाणाला स्वतंत्र गुण असून विद्यापीठासाठी एकास पंधरा हे प्रमाण आदर्श धरले गेले. वर्ग लहान असावेत याविषयी आमचा वाद नाही. प्रश्न असा आहे की हा आकडा मोजतो काय? तो डोकी मोजतो. अध्यापकाचा वेळ कोणाच्या वाट्याला येतो, हे त्याला दिसत नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे उदाहरण घ्या. २००७ साली सुखदेव थोरात समितीचा अहवाल आला, त्या सुमारास तेथे एमबीबीएसची तुकडी पन्नासेक विद्यार्थ्यांची होती. वर्ग लहान, अध्यापक नामवंत. तरीही अध्यापक आम्हाला पुरेसा वेळ आणि आधार देत नाहीत, अशी व्यथा दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी या समितीपुढे मांडली. वर्ग लहान झाला म्हणून जात लहान होत नाही.

पण म्हणून मोठा वर्ग चालेल, असा अर्थ कोणी काढू नये. शंभराच्या वर्गात शिकलेल्या घरातला मुलगा आपली शंका बापाला विचारतो, नाहीतर पैसे मोजून शिकवणी लावतो. आमच्या घरात पदवी पहिल्यांदा माझ्याबरोबर आली. अशा घरातल्या मुलाला विचारायला प्राध्यापकाखेरीज माणूस नसतो. गर्दीचा पहिला बळी तोच ठरतो.

अध्यापक मिळणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत पाहावे. मुंबईच्या शाळेत त्यांना संस्कृत नाकारले गेले, फारशी घ्यावी लागली. लंडनमध्ये प्रा. एडविन कॅनन भेटले. रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांच्या १९२३ च्या ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली, आणि तिच्यात आपले मतभेदही नोंदवले. विद्यार्थ्याचे लिखाण नीट वाचून त्याच्याशी बरोबरीने वाद घालणारा गुरुजी, याला आम्ही अध्यापक मिळणे म्हणतो.

आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणारा अध्यापक हे कसे करणार? त्याला मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासांचा. तास संपला की त्याला दुसरे महाविद्यालय गाठायचे असते. त्याला बसायला धड खोली नाही. त्याची इच्छा कितीही असो, व्यवस्थेने त्याचा वेळ आधीच हिरावलेला आहे.

म्हणून मागणी नुसती प्रमाणाची नको. रिक्त जागा आरक्षणासह, कायमस्वरूपी भरा. विद्यार्थ्यांना भेटण्याचे तास वेळापत्रकात घाला आणि त्यांचा मोबदला द्या. कोणाला वेळ मिळतो, कोण दारावरून परत जातो, याची नोंद विद्यार्थी संघटनांनी स्वतः ठेवावी. क्रमवारीच्या तक्त्यात ही नोंद कधीच येणार नाही. ती आपल्यालाच करावी लागेल.